तलवार न उचलता २५ वर्षं सम्राटाला चकवणारा धर्मगुरू : मेनो सिमन्स

जर्मनीत म्युन्स्टर नावाचं शहर आहे. तिथल्या सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहिलं की घड्याळाच्या वरच्या बाजूला लोखंडाचे तीन पिंजरे लटकलेले दिसतात. १५३६ सालच्या जानेवारीत त्यात तीन माणसांची प्रेतं ठेवली होती. आधी तापलेल्या चिमट्यांनी त्यांचे हाल हाल केले, मग मारलं आणि सगळ्या शहराला दिसावं म्हणून वर टांगलं. प्रेतं कधीच गेली. पिंजरे अजून तिथेच आहेत.

ही तीन माणसं ॲनाबॅप्टिस्ट होती.

आता दुसरं चित्र बघा. अमेरिकेतल्या आमिश लोकांचे व्हिडिओ तुमच्या फीडवर कधी ना कधी आले असतील. घोडागाडीतून फिरणारे, साधे कपडे घालणारे, घरात टीव्ही नसलेले, गावातल्या एखाद्याचं कोठार जळालं तर सगळे मिळून दिवसभरात नवीन उभं करून देणारे. काही झालं तरी माणसावर शस्त्र न उचलणारे. सक्तीची सैन्यभरती आली तर तुरुंगात जातील, पण युद्धावर जाणार नाहीत.

तेही ॲनाबॅप्टिस्टच.

तलवारीच्या जोरावर शहर ताब्यात घेणारे आणि कुणावरही हात न उचलणारे, दोघांचं मूळ एकच कसं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की मध्ये एक डच धर्मगुरू उभा दिसतो. मेनो सिमन्स. आज जगभरात ज्यांना मेनोनाइट म्हणतात, ते नाव त्याच्यावरूनच पडलं.

आणि गंमत म्हणजे हा माणूस कुणी जन्मजात क्रांतिकारक नव्हता. उलट बरीच वर्षं तो चक्क घाबरून गप्प बसला होता.

मेनोचा जन्म १४९६ चा, नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रीसलँड भागातल्या विटमार्सम गावचा. समुद्राच्या पातळीला टेकलेला सपाट मुलुख, गुरंढोरं, दूधदुभतं, शेतकऱ्यांची वस्ती. घरचे साधे शेतकरी. पोराला चर्चमध्ये घातलं, तो लॅटिन शिकला आणि १५२४ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी कॅथलिक धर्मगुरू झाला. पहिली नेमणूक मिळाली ती शेजारच्याच पिंगयुम गावात. वडिलांचं गाव तेच. म्हणजे घराजवळ पोस्टिंग, बांधलेलं उत्पन्न, गावात मान. आणखी काय पाहिजे?

तिथे आणखी दोन धर्मगुरू होते. तिघांचा दिनक्रम मेनोने पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. पत्ते कुटायचे, दारू प्यायची आणि वेळ घालवायचा. बायबल त्याने तोपर्यंत उघडलेलंही नव्हतं. वाचलं तर डोकं फिरेल आणि आपण भरकटू अशी त्याला भीती वाटायची. धर्मगुरू असून बायबल न वाचलेला हा काही एकटाच नव्हता, त्या काळात असे खंडीभर होते.

पण नोकरी लागून वर्ष होतं न होतं तोच एक शंका डोक्यात शिरली. मिस्सा चालवताना धर्मगुरू भाकर आणि वाइन हातात धरतो आणि ती ख्रिस्ताचं खरंखुरं शरीर आणि रक्त होते, अशी कॅथलिक श्रद्धा. मेनोला वाटायला लागलं, असं काही होत नसावं. आधी त्याला वाटलं, सैतानच आपल्या मनात हे भरवतोय. त्याने पापाची कबुली दिली, प्रार्थना केल्या. शंका जाईना. शेवटी त्याने बायबलचा नवा करार उघडला. फार पानं उलटायच्या आतच आपल्याला जे शिकवलं होतं ते यात नाही, असं त्याचं मत झालं. मार्टिन ल्यूथरच्या लिखाणातून त्याला एक आधार सापडला. माणसांनी केलेले नियम मोडले म्हणून कुणी देवाला मुकत नाही, एवढा.

मग त्याने काय केलं? काही नाही. मिस्सा चालूच ठेवली. फक्त प्रवचनात बायबलचे दाखले जास्त देऊ लागला आणि लोक म्हणू लागले, आपला धर्मगुरू भारी बोलतो.

आता थोडं मागे जावं लागेल, कारण ॲनाबॅप्टिस्ट हे प्रकरण मेनोने सुरू केलेलं नाही.

२१ जानेवारी १५२५ ची गोष्ट. स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात फेलिक्स मान्झ याच्या घरी काही तरुण जमले होते. झ्विंग्ली हा तिथला मोठा सुधारक, हे सगळे त्याचेच चेले. पण गुरू शहराच्या कौन्सिलचं तोंड बघून सुधारणा करतोय म्हणून चिडलेले. त्या रात्री कोनराड ग्रेबेल याने जॉर्ज ब्लाउरॉक याला बाप्तिस्मा दिला. मग ब्लाउरॉकने बाकीच्यांना.

यात एवढं काय? तर या सगळ्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला होता. त्यांचं म्हणणं असं की, ज्या बाळाला आई-बाप नीट ओळखू येत नाहीत त्याच्या डोक्यावर पाणी ओतून ते ख्रिस्ती कसं होईल? आधी समज, मग श्रद्धा, मग बाप्तिस्मा. म्हणजे लहानपणीचा तो बाप्तिस्मा नव्हताच, नुसतं पाणी होतं. विरोधकांनी त्यांना नाव दिलं ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे. त्यांना स्वतःला हे नाव कधीच पटलं नाही.

आजच्या माणसाला हा वाद किरकोळ वाटेल. कुणी केव्हा पाणी घ्यायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण १६ व्या शतकात गावात जन्मलेलं प्रत्येक मूल बाप्तिस्मा घेऊन एकाच वेळी चर्चचं सभासद आणि राजाची प्रजा बनायचं. दोन्ही एकच होतं. बाप्तिस्मा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला तर चर्चमध्ये कोण आणि बाहेर कोण हे राजा ठरवू शकणार नाही, माणूस ठरवणार. त्यात ही मंडळी शपथ घ्यायला नकार देत होती, कारण येशूने शपथ घेऊ नका असं सांगितलंय. तेव्हाचा सगळा कारभार शपथेवर चालायचा. कोर्टातली साक्ष शपथेवर, शहराची निष्ठा शपथेवर. आणि त्यातले बरेच जण तलवारही धरत नव्हते. हे कधी? तर तुर्कांचं सैन्य १५२९ मध्ये थेट व्हिएन्नाच्या वेशीवर येऊन धडकलं त्या काळात. राज्यकर्त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय.

म्हणूनच एरवी एकमेकांचे गळे धरणारे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या एका बाबतीत एकत्र आले. ५ जानेवारी १५२७ रोजी झुरिचमध्ये फेलिक्स मान्झला लिम्मात नदीत बुडवून मारलं. पाण्यासाठी हट्ट करतो ना, मग घे पाणी, असा त्यातला विखारी विनोद. हे करणारे प्रोटेस्टंट होते. १५२९ मध्ये स्पायरला साम्राज्याची सभा भरली आणि पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्याला मृत्युदंड, असा कायदाच झाला.

तरी लोण पसरत गेलं. मेल्खिऑर हॉफमन नावाचा कातड्याचा व्यापार करणारा एक प्रचारक ते उत्तरेकडे घेऊन आला. जगाचा शेवट आलाय, देवाचं राज्य आता लवकरच येणार, असं त्याचं सांगणं. करांनी आणि महागाईने पिचलेल्या डच कारागिरांना हे ऐकायला आवडलं नसतं तरच नवल.

आता परत पिंगयुमला येऊ.

२० मार्च १५३१ रोजी लेउवार्डन शहरात एका शिंप्याचं डोकं उडवलं. त्याचं नाव सिके फ्रेरिक्स. गुन्हा एवढाच की त्याने दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला होता. लेउवार्डन म्हणजे मेनोच्या गावापासून फार लांब नाही. बातमी कानावर आली आणि मेनो चक्रावला. दुसरा बाप्तिस्मा म्हणजे काय, हेच त्याने तोपर्यंत ऐकलं नव्हतं. एक साधा देवभोळा शिंपी यासाठी मरायला तयार होतो, म्हणजे यात काहीतरी असेल.

त्याने बायबल पुन्हा पिंजून काढलं. तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याचा उल्लेख त्याला सापडेना. वरिष्ठ धर्मगुरूंना विचारलं, त्यांनाही बायबलमधून आधार दाखवता आला नाही. मग त्याने बड्या सुधारकांची पुस्तकं काढली. ल्यूथर एक कारण देतो, बुसर दुसरं, बुलिंगर तिसरंच. निष्कर्ष सगळ्यांचा सारखा, कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी. मेनोला जे समजायचं ते समजलं.

मग त्याने काय केलं? याही वेळी काही नाही. उलट बढती घेतली. विटमार्समच्या, म्हणजे स्वतःच्या जन्मगावच्या चर्चचा तो प्रमुख झाला. पैसा आणि नाव यासाठीच गेलो, हे त्याने पुढे न लपवता लिहिलं. मनात एक आणि वेदीवर दुसरं, असा हा माणूस आणखी काही वर्षं जगला. मला मेनोच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात खरा वाटतो. संतचरित्रांत साक्षात्कार एका रात्रीत होतो आणि माणूस सकाळी घर सोडतो. इथे माणसाला सगळं कळलेलं आहे आणि तरी तो महिन्याच्या महिन्याला पगार घेतोय.

तोपर्यंत म्युन्स्टर पेटलं.

हॉफमनला स्ट्रासबर्गमध्ये कैदेत टाकल्यावर चळवळीची सूत्रं हार्लेमचा पाववाला यान मॅथिस याच्या हातात गेली. देवाचं शहर स्ट्रासबर्ग नव्हे तर म्युन्स्टर, असं त्याने जाहीर केलं. फेब्रुवारी १५३४ मध्ये त्याच्या लोकांनी शहराचा ताबा मिळवला. बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा, असं फर्मान निघालं आणि भर थंडीत माणसं वेशीबाहेर हाकलली गेली. खासगी मालमत्ता बंद, सगळं सामाईक. पदच्युत बिशपने सैन्य आणून शहराला वेढा घातला. आपल्याला देव वाचवणार म्हणून ईस्टरच्या दिवशी मॅथिस मूठभर माणसं घेऊन बाहेर पडला आणि मारला गेला. त्याच्या जागी आला यान व्हान लायडन, पंचविशीतला शिंपी. त्याने एकापेक्षा जास्त बायका करायची मुभा दिली, स्वतः १६ केल्या आणि वर स्वतःला राजा म्हणून अभिषेक करवून घेतला. आत लोक उपाशी मरत होते. जून १५३५ मध्ये शहर पडलं आणि कत्तल झाली. सुरुवातीला सांगितलेले पिंजरे याच राजाचे आणि त्याच्या दोन साथीदारांचे.

म्युन्स्टरचे प्रचारक फ्रीसलँडमध्येही फिरत होते. मेनोने त्यांच्याशी वाद घातले, खासगीत आणि जाहीरही. यान व्हान लायडनच्या विरोधात त्याने पुस्तिकाही लिहिली. तो बोलायला पटाईत, त्यामुळे कॅथलिक लोक खूश. या लोकांची तोंडं बंद करायची तर मेनोलाच बोलवा, असं त्याचं नाव झालं. पण त्याला आतून माहीत होतं की बाप्तिस्म्याच्या मुद्द्यावर ती माणसं बरोबर आहेत. चूक आहे ती तलवार. आणि आपण त्यांना बरोबर रस्ता दाखवू शकतो, पण दाखवत नाही.

३० मार्च १५३५ रोजी सुमारे ३०० ॲनाबॅप्टिस्टांनी बोल्सवर्डजवळचा एक मठ ताब्यात घेतला. त्याचं नाव ओल्डेक्लोस्टर. मेनोच्या गावापासून हे ठिकाण अगदी हाकेच्या अंतरावर. बाया, पोरंही त्यात होती. सरकारी फौजेने तोफा लावल्या. ७ एप्रिलला मठ पडला. बरेच लढाईत मेले, उरलेल्यांपैकी अनेकांना नंतर ठार केलं. मेलेल्यांत पीटर सिमन्स नावाचा एक जण होता. तो मेनोचा सख्खा भाऊ असावा असं मानलं जातं.

भाऊ असो नसो, हा घाव वर्मी बसला. मेनोने या घटनेबद्दल जे लिहिलं त्याचा आशय असा की, ही माणसं चुकली, पण आपल्या चुकीच्या श्रद्धेसाठी त्यांनी जीव दिला, पोरंबाळं घालवली. आणि मी खरं काय ते माहीत असूनही ऊबदार घरात बसून खातोय. त्यांच्यातल्या काहींना त्यांच्या जुन्या श्रद्धेतला खोटेपणा दाखवून देणारा मीच होतो, मग पुढचा रस्ता दाखवायला मी कुठे होतो?

पुढचे नऊ महिने त्याने चर्चच्याच व्यासपीठावरून आपली खरी मतं सांगितली. जानेवारी १५३६ च्या शेवटी, म्हणजे म्युन्स्टरचे पिंजरे वर चढले त्याच महिन्यात, त्याने पद, पगार, घर सगळं सोडलं आणि तो बाहेर पडला. पहिली शंका आली त्याला ११ वर्षं होत आली होती. वय ४०.

वेळ निवडली ती सगळ्यात वाईट. म्युन्स्टरनंतर ॲनाबॅप्टिस्ट म्हटलं की दिसेल तिथे ठेचा, असं वातावरण. चळवळीचे बहुतेक पुढारी मेलेले, नाहीतर तुरुंगात. उरलेले विखुरलेले. काहींना अजून बदल्याची स्वप्नं पडत होती. यान व्हान बाटनबर्ग याची टोळी तर चर्च लुटत फिरत होती. पण ओबे फिलिप्स आणि त्याचा भाऊ डर्क हे पहिल्यापासून तलवारीच्या विरोधात होते. मेनो त्यांच्याकडे गेला, त्याने बाप्तिस्मा घेतला आणि अभ्यासाला बसला. वर्षभराने काही माणसं त्याच्याकडे आली आणि आमचं नेतृत्व करा म्हणून गळ घालू लागली. तो कां कूं करत राहिला, मग तयार झाला. ग्रोनिंगेनमध्ये ओबेने त्याला वडील, म्हणजे मंडळीचा प्रमुख, म्हणून नेमलं. १५४० च्या सुमारास खुद्द ओबेच चळवळ सोडून निघून गेला आणि सगळा भार मेनोवर आला.

याच काळात त्याने लग्न केलं. बायकोचं नाव गेरट्रूड. तिच्याबद्दल फारसं लिहिलेलं सापडत नाही, पण त्यांना मुलं झाली, दोन मुली आणि एक मुलगा, आणि ती सगळी पळापळीतच वाढली. दुसरे धर्मोपदेशक गाद्यागिरद्यांवर लोळतात आणि आम्ही कोपऱ्यात लपून बसतो, कुत्रं भुंकलं तरी पकडायला आले की काय असं वाटतं, या आशयाचं त्याने एके ठिकाणी लिहिलंय. आजारी बायको आणि लहान लेकरं घेऊन राहायला झोपडी मिळत नाही, असंही.

मिळणार कशी? १५३९ मध्ये लेउवार्डनला त्यार्ट रेनिक्स नावाच्या शेतकऱ्याला चाकावर हाडं मोडून मारलं. त्याचा अपराध म्हणजे त्याने मेनोला घरात आसरा दिला होता. आणि ७ डिसेंबर १५४२ रोजी सम्राट चार्ल्स पाचवा याने मेनोला पकडून देणाऱ्याला १०० सोन्याची नाणी जाहीर केली. त्याला घरात घ्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याची पुस्तकं बाळगायची नाहीत. चार्ल्स म्हणजे कुणी लुंगासुंगा राजा नव्हे. स्पेनपासून नेदरलँड्सपर्यंत आणि पलीकडे अमेरिकेत त्याची सत्ता. या माणसाच्या यादीत एका खेड्यातल्या माजी धर्मगुरूचं नाव होतं.

तरी तो सापडला नाही. साहजिकच दंतकथा तयार झाल्या. एक अशी की, मेनो घोडागाडीत पुढे गाडीवानाशेजारी बसला होता. शिपायांनी गाडी अडवून विचारलं, मेनो सिमन्स आत आहे का? मेनोने वाकून आतल्या लोकांना विचारलं, मेनो आहे का आत? ते नाही म्हणाले. मेनोने शिपायांना सांगितलं, नाही म्हणतायत. म्हणजे खोटंही बोलला नाही आणि सुटलाही. दुसरी आणखी मजेशीर. एका कोठारात काकवीच्या पिंपावर उभा राहून तो प्रवचन देत होता. पकडायला माणसं आली, धांदल उडाली, पिंपाचं झाकण मोडलं आणि मेनो गुडघ्यापर्यंत काकवीत. तसाच पळाला असता तर मागे माग राहिला असता. मग पुढे बसलेल्या बायकांनी एकेक करून त्याच्या पायावरची काकवी चाटून साफ केली. डच मेनोनाइटांना गोड एवढं का आवडतं, याचं कारण म्हणून ही गोष्ट सांगतात. खरी मानायची गरज नाही.

मेनोची शिकवण थोडक्यात सांगायची तर अशी. बाप्तिस्मा समजत्या वयात, स्वतःच्या मर्जीने. धर्मासाठी कुणावर जबरदस्ती नाही आणि धर्माच्या नावाने शस्त्र तर नाहीच नाही. शपथ नाही, होला हो आणि नाहीला नाही. मंडळीतला कुणी उपाशी असेल तर बाकीच्यांनी पोटभर जेवणं हा ढोंगीपणा. म्युन्स्टरने सगळ्यांची मालमत्ता हिसकावून एकत्र केली होती. मेनो म्हणायचा, मालमत्ता ज्याची त्याच्याकडे राहू द्या, पण शेजाऱ्याची गरज दिसली की हात सैल सोडा. हे सगळं त्याने १५३९-४० मध्ये लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात मांडलं आणि विद्वानांच्या लॅटिनऐवजी लोकांच्या डचमध्ये लिहिलं. ख्रिस्ताच्या देहाबद्दल त्याची काही अजब मतंही होती, ती त्याने हॉफमनकडून उचललेली. विरोधकांनी जन्मभर त्याला त्यावरूनच कोंडीत पकडलं. तो भाग आज त्याचे अनुयायीसुद्धा काढत नाहीत.

लपतछपत तो फ्रीसलँड, ॲमस्टरडॅमचा परिसर, एम्डेन, कोलोन, ल्यूबेक असा फिरत राहिला. एम्डेनला १५४४ मध्ये पोलिश सुधारक यान लास्कीबरोबर त्याचा काही दिवस वाद झाला. एकमत झालं नाही, पण लास्कीने त्याला धरून दिलं नाही, सुखरूप जाऊ दिलं. त्या काळात ही फार मोठी गोष्ट. त्या भागावर काउंटेस ॲना राज्य करत होती. सम्राटाकडून तिच्यावर दबाव आला की ॲनाबॅप्टिस्टांना हाकला. १५४५ च्या हुकमात तिने फरक केला. दंगेखोर गट वेगळे आणि मेनोचे लोक वेगळे. सरकारी कागदावर मेनोच्या माणसांना त्याच्या नावाने ओळखलं गेलं ते तेव्हा. हाडं मोडणाऱ्या जगात हा एक कागद म्हणजे केवढा फायदा. मेनोवाला म्हणजे निरुपद्रवी, एवढी ओळख झाली.

१५५३ च्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. मेनो तेव्हा बाल्टिक किनाऱ्यावरच्या विस्मारमध्ये लपून राहत होता. इंग्लंडमध्ये कॅथलिक राणी मेरी गादीवर आल्यामुळे तिथून पळालेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांचं जहाज विस्मारजवळ बर्फात अडकलं. डेन्मार्कने त्यांना आधीच हाकललं होतं. शहरातले ल्यूथरपंथीय त्यांच्याकडे ढुंकून बघेनात. तेव्हा मेनोच्या माणसांनी उघडं पडायचा धोका पत्करला, बर्फावरून चालत जाऊन त्यांना खायला-प्यायला नेलं, शहरात आणलं, मदत केली.

आणि निर्वासितांनी काय केलं? जरा ऊब मिळाल्यावर मेनोशी धर्मावर वाद घालायला बसले. त्यांच्या बाजूने मार्टेन मिक्रॉन आला, फेब्रुवारी १५५४ मध्ये दोन बैठका झाल्या, शेवट कडवट भांडणात. मेनो इथे राहतो ही बातमीही फुटली. पुन्हा बाडबिस्तरा उचलणं आलं.

शेवटी त्याला जागा मिळाली ती होलस्टाइनमध्ये, ओल्डेस्लोजवळ वुस्टेनफेल्डे इथे. तिथला जमीनदार बार्थोलोमियस फॉन आलेफेल्ट हा तरुणपणी नेदरलँड्सच्या युद्धांत शिपाई होता. ॲनाबॅप्टिस्टांना मारताना त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती माणसं कशी शांतपणे मेली हे तो विसरला नाही. आपल्या जमिनीवर त्याने या लोकांना वसवलं आणि वरून दबाव आला तरी हलवलं नाही. मेनोच्या पुस्तकांसाठी इथे छापखानाही चालला. १८ वर्षांच्या वणवणीनंतर पहिल्यांदा त्याला स्वतःचं म्हणावं असं घर मिळालं. तोवर पाय अधू झाले होते, कुबडी घेऊन चालायचा.

इथवर वाचून मेनो म्हणजे नुसता साधुपुरुष वाटत असेल तर थांबा. शेवटची वर्षं गेली ती आपल्याच लोकांच्या भांडणात, आणि त्यात तो निर्दोष नाही.

चर्चमध्ये यायचं ते स्वतःच्या मर्जीने, हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न येतो. आत येऊन कुणी वाईट वागला तर? राजाची तलवार वापरायची नाही. मग उरतं एकच हत्यार, वाळीत टाकणं. त्याच्याशी व्यवहार नाही, त्याच्याबरोबर जेवण नाही. म्युन्स्टरचा डाग पुसायचा तर आपली माणसं धुतल्या तांदळासारखी हवीत, असा मेनोचा आणि डर्क फिलिप्सचा हिशेब. तो समजण्यासारखा आहे. पण जोर वाढत गेला. वाळीत टाकलेल्याच्या नवरा-बायकोने काय करायचं? एका घरात राहायचं की नाही?

१५५० च्या दशकात एम्डेनला स्वान रुटगर्स नावाच्या बाईवर ही वेळ आली. तिच्या नवऱ्याला मंडळीने वाळीत टाकलं होतं आणि ती त्याला सोडायला तयार नव्हती. लेनार्ट बौवेन्स हा तिथला कडक पुढारी. या माणसाने आयुष्यात १० हजारांहून जास्त लोकांना बाप्तिस्मा दिला आणि प्रत्येकाची नोंद ठेवली, एवढा शिस्तीचा. त्याने सांगितलं, नवऱ्याला सोडत नसेल तर हिलाही काढा. मेनोने एम्डेनला पत्र लिहून याला विरोध केला. नवरा-बायकोत पडू नका, असा त्याचा सल्ला. पण १५५७ मध्ये पुढारी जमले तेव्हा म्हातारा मेनो कडक गटाच्या बाजूला गेला. नाही गेला तर त्यालाच वाळीत टाकू, अशी धमकी मिळाली होती असं सांगतात. मवाळ गट फुटून बाहेर पडला. जर्मनीतल्या मंडळ्यांनी संसार मोडू नका म्हणून विनवलं, त्यांनाही त्याने फटकारलं. १५६० मधलं त्याचं शेवटचं पुस्तक याच भांडणात लिहिलेलं आहे. ज्याने राजाच्या जबरदस्तीला आयुष्यभर नाही म्हटलं, तो एका बाईच्या घरापर्यंत मंडळीची जबरदस्ती पोचू देतो, हे वाचताना वाईट वाटतं. मरताना त्याला याचा पस्तावा झाला अशी आठवण पुढे सांगितली गेली.

गेरट्रूड त्याच्या आधीच गेली होती. ३१ जानेवारी १५६१ रोजी वुस्टेनफेल्डेत मेनो मेला. सम्राटाच्या माणसांच्या हाती न लागता, अंथरुणावर. घरामागच्या बागेतच त्याला पुरलं. पुढच्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात ते अख्खं गाव उद्ध्वस्त झालं आणि कबरीची खूणही राहिली नाही. आज बाड ओल्डेस्लोजवळ एक छोटं घर आणि लिंडनचं जुनं झाड त्याच्या नावाने दाखवतात.

त्याच्या माणसांना मात्र जागा सापडत गेल्या. नेदरलँड्समध्ये हजारावर ॲनाबॅप्टिस्ट मारले गेल्यानंतर १५७७ मध्ये विल्यम ऑफ ऑरेंजने मिडलबर्ग शहराला बजावलं की, यांचा नुसता होकारही शपथेइतकाच धरा. काही जण पोलंडच्या बाजूला विस्तुला नदीच्या मुखाशी गेले, दलदल उपसून त्यांनी शेती उभी केली. तिथून रशियाच्या राणी कॅथरीनच्या बोलावण्यावरून युक्रेनमध्ये, आणि लष्करात जावं लागेल असं दिसल्यावर १८७४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससला, सोबत टर्की रेड गहू घेऊन. वाळीत टाकण्याच्या मुद्द्यावरून १६९३ मध्ये स्विस मंडळ्यांत पुन्हा फूट पडली. कडक बाजू घेणाऱ्याचं नाव याकोब आमान. त्याचे ते आमिश. म्हणजे स्वान रुटगर्सच्या घरात शिरलेलं भांडण अजूनही पेनसिल्व्हेनियाच्या खेड्यांत चालू आहे. तिथे वाळीत टाकलेल्या मुलाला जेवणाच्या वेळी वेगळ्या टेबलावर बसवणारी घरं आजही आहेत.

जगभरात आज या पंथांचे २० लाखांहून अधिक बाप्तिस्माधारक सभासद आहेत, त्यात भारतातले बरेच. १८९९ मध्ये, देशात मोठा दुष्काळ पडला त्या वर्षी, अमेरिकन मेनोनाइट मिशनरी मध्य प्रांतातल्या धमतरीला येऊन पोचले. तेव्हा या प्रांताची राजधानी नागपूर होती, आज धमतरी छत्तीसगडमध्ये आहे. आधी दुष्काळातली अन्नवाटप, मग अनाथ पोरांसाठी आश्रम, मग दवाखाना. तो दवाखाना अजून चालू आहे.